जिरोनाचा अरब हमाम

कॅटलोनियातल्या जिरोना शहरात ‘अरब स्नानगृह’ ही पाटी पाहून माझी छाती फुगली. आत अष्टकोनी हौद, भोवती आठ सडपातळ खांब, वरून उतरणारा उजेड. म्हटलं, हे आपल्या लोकांचं काम!

नव्हतं. बांधकाम ११९४चं. जिरोना तर ७८५मध्येच फ्रँकांच्या हाती गेलं होतं. म्हणजे चारशे वर्षांनी, ख्रिस्ती राजवटीत हा हमाम उभा राहिला. थंड, कोमट, गरम ही दालनांची रचना मात्र मुस्लिम शहरांतल्या हमामांसारखीच. आणि तीही मुळात रोमनांकडून आलेली. अंदलुस म्हटलं की आपण गेलेली राज्यं मोजत बसतो. इथं तर राज्य गेल्यावरही न्हाण्याची रीत मागे उरली होती. मी पुन्हा हौदापाशी जाऊन उभा राहिलो.