डेंग्यू : तीव्रतेचे मूल्यमापन व उपचार

एडिस डासांमार्फत पसरणाऱ्या डेंग्यूमध्ये रुग्णाची अवस्था किती गंभीर आहे हे ठरवून त्यानुसार उपचार करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये धोक्याच्या लक्षणांविना डेंग्यू, धोक्याच्या लक्षणांसह डेंग्यू आणि तीव्र डेंग्यू असे वर्ग केले. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे, कमालीची मरगळ किंवा बेचैनी, यकृताची वाढ ही धोक्याची लक्षणे होत.

ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. खरा धोका मात्र बहुधा तेव्हाच, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान सुरू होतो. केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरतो, रक्त दाट होते व हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) वाढतो. ही गळती साधारण २४ ते ४८ तास चालते आणि तीच रुग्णाला शॉकमध्ये नेऊ शकते. म्हणून केवळ प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसणे चुकीचे आहे. नाडी, रक्तदाबाच्या वरच्या-खालच्या आकड्यांतील अंतर, लघवीचे प्रमाण, हातापायांचा गारवा अधिक बोलके असतात. रक्तस्राव नसताना, निव्वळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवण्याची शिफारस केली जात नाही.

विषाणूवर विशिष्ट औषध नाही. तापासाठी पॅरासिटामॉल देतात; अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळतात. सौम्य रुग्णाला घरी भरपूर पेये पुरतात. गर्भवती, तान्ही बाळे व मधुमेही यांना मात्र रुग्णालयात ठेवणे इष्ट. धोक्याची लक्षणे दिसताच सलाइन सुरू करून वारंवार तपासणीनुसार वेग बदलतात. पाझरलेला द्रव पुढे रक्तात परततो. तेव्हाही सलाइन चालू राहिले तर फुप्फुसांत पाणी साचते.