बेस्टसेलर कादंबरी

बेस्टसेलर कादंबरी : विशिष्ट कालावधीत, बहुधा एका आठवड्यात वा एका वर्षात, इतर कादंबऱ्यांहून अधिक प्रती खपल्यामुळे जिचे नाव ग्रंथविक्रीच्या प्रसिद्ध यादीत येते, अशी कादंबरी. ‘सर्वाधिक खपाचे पुस्तक’ हा मराठी पर्याय रूढ असला, तरी तो काहीसा फसवा आहे. यादी मोजते तो एकूण खप नव्हे, तर खपाचा वेग. वीस वर्षे दरवर्षी पाच हजार प्रतींनी खपणारी कादंबरी लाखाचा टप्पा गाठूनही यादीत एकदाही दिसणार नाही. उलट एकाच आठवड्यात वीस हजार प्रती खपून पुढे विस्मरणात गेलेली कादंबरी तीत झळकू शकेल. धर्मग्रंथ, पाठ्यपुस्तके आणि वर्षानुवर्षे खपणारे अभिजात ग्रंथ तर अशा याद्यांतून सामान्यतः वगळलेच जातात. मराठीत पुस्तकाचा लौकिक आवृत्त्यांच्या संख्येवरून सांगण्याची प्रथा आहे. तीत काळाची अट नसते. यादीत मात्र काळाची अट हीच मुख्य असल्याने तीत प्रवेश मिळविण्याचे मार्ग एक आणि तीत टिकण्याचे मार्ग दुसरे, अशी स्थिती निर्माण झाली. या दोहोंचा इतिहास मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला.

हॅरी थर्स्टन पेक यांच्या संपादकत्वाखाली १८९५ मध्ये निघालेल्या ‘द बुकमन’ या मासिकाने निरनिराळ्या शहरांतील ग्रंथविक्रेत्यांकडून माहिती मागवून मागणीच्या क्रमाने पुस्तकांची नावे छापण्यास प्रारंभ केला. त्या वर्षीच्या अग्रस्थानी इअन मॅक्लॅरन या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाचे पुस्तक होते. हा प्रारंभ नेमका याच दशकात व्हावा, याला कारण आहे. १८९१ च्या कायद्यापूर्वी ब्रिटिश लेखकांना अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण नव्हते. एकच लोकप्रिय कादंबरी अनेक प्रकाशक स्वस्तात छापीत आणि तिच्या जाहिरातीवर खर्च करण्यात कोणा एकाचा लाभ नसे. कायद्यानंतर एका पुस्तकाचा एकच प्रकाशक ठरला आणि खपाचा आकडा ही त्याची मिरविण्याजोगी मालमत्ता झाली. प्रकाशन-व्यवसायाच्या ‘पब्लिशर्स वीकली’ या साप्ताहिकाने १९१२ पासून याद्या देण्यास सुरुवात केली. ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ची पहिली यादी १९३१ मध्ये केवळ न्यूयॉर्क शहरापुरती निघाली, १९४२ मध्ये ती राष्ट्रव्यापी झाली आणि पुढे सर्वांत वजनदार ठरली.

या यादीसाठी कोणत्या दुकानांकडून आकडे घेतले जातात व त्यांना कोणते भारमान दिले जाते, हे सदर वृत्तपत्र गुप्त ठेवते. दुकाने उघड झाल्यास तेथेच खरेदी घडवून आणली जाईल, ही भीती त्यामागे आहे. ती निराधार नाही.

आरंभीच्या काळात यादीतील यश बव्हंशी पुस्तकागणिक मिळे. मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ ही पहिलीच कादंबरी जून १९३६ मध्ये, ऐन मंदीच्या काळात, तीन डॉलर एवढ्या चढ्या किंमतीला निघाली. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ या टपालाने पुस्तके पुरविणाऱ्या संस्थेने तिची निवड केल्याने सभासदांच्या मोठ्या संख्येपर्यंत ती एकदम पोहोचली. वर्षअखेरीपर्यंत दहा लाख प्रती खपल्या आणि १९३६ व १९३७ अशा दोन्ही वर्षांच्या याद्यांत तिने अग्रस्थान मिळविले. मिचेल यांनी आपल्या हयातीत दुसरी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. पुस्तक टिकले, लेखिकेचे नाव हा पुढील पुस्तकांच्या विक्रीचा आधार व्हावा, असा प्रसंगच आला नाही.

लेखकाने स्वतः विक्रीच्या कामात उतरण्याचा निर्णायक प्रयोग जॅकलिन सूझन यांनी केला. पूर्वाश्रमीच्या अभिनेत्री असलेल्या सूझन आणि दूरचित्रवाणी व प्रसिद्धी यांच्या व्यवसायात मुरलेले त्यांचे पती आयर्विंग मॅन्सफील्ड यांनी ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ (१९६६) या कादंबरीसाठी गावोगावच्या ग्रंथविक्रेत्यांच्या भेटी घेतल्या. विक्रेत्यांची नावे लक्षात ठेवणे, त्यांना आभारपत्रे पाठविणे, दूरचित्रवाणीवरील मुलाखती मिळविणे हा त्यांचा नित्यक्रम होता. स्वस्त आवृत्तीच्या प्रती वाहून नेणाऱ्या मालमोटारींच्या चालकांनाही त्यांनी पहाटे कॉफी व खाद्यपदार्थ नेऊन दिले; पुस्तक दुकानात दर्शनी जागी लागते की गठ्ठ्यातच राहते, हे या माणसांच्याही हाती असते, हे त्यांनी ओळखले होते. समीक्षकांनी कादंबरीची टर उडविली, तरी ती ‘टाइम्स’च्या यादीत २८ आठवडे प्रथम क्रमांकावर होती. ‘द लव्ह मशीन’ (१९६९) व ‘वन्स इज नॉट इनफ’ (१९७३) यांनीही तेच स्थान मिळविल्याने ओळीने तीन कादंबऱ्या अग्रस्थानी नेणाऱ्या त्या पहिल्या लेखिका ठरल्या. त्यांच्या परिश्रमांची चेष्टा करणाऱ्या प्रकाशकांनी पुढे आपल्या लेखकांना तोच दौरा सक्तीचा केला, हे येथे नमूद करावयास हवे.

दूरचित्रवाणीचे सामर्थ्य विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७१) या कादंबरीच्या बाबतीतही दिसले. प्रारंभी तिला फारशी मागणी नव्हती. डिक कॅव्हेट यांच्या लोकप्रिय मुलाखत-कार्यक्रमात दुसऱ्या पाहुण्याच्या जागी ब्लॅटी यांना आयत्या वेळी बोलावण्यात आले आणि त्यानंतर पुस्तक यादीच्या शिखरावर गेले. याच लेखकाने यादीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न न्यायालयात नेला. ‘लीजन’ (१९८३) या आपल्या कादंबरीचा खप पुरेसा असूनही ‘टाइम्स’ने तिला यादीत स्थान दिले नाही व त्यामुळे आपले आर्थिक नुकसान झाले, असा त्यांचा दावा होता. यादी हा गणिती हिशेब नसून संपादकीय मजकूर आहे, अशी भूमिका वृत्तपत्राने मांडली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये वृत्तस्वातंत्र्याच्या आधारे दावा फेटाळला; ज्या मजकुरात वादीचा उल्लेखच नाही, त्याबद्दल त्याला दाद मागता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने निर्णय ग्राह्य असेल. परंतु वाचक ज्या यादीकडे मोजणी म्हणून पाहतो, ती प्रत्यक्षात निवड आहे, हे या खटल्याने उघड केले.

यादीत शिरण्यासाठी खप थोड्या दिवसांत एकवटणे आवश्यक असते. म्हणून प्रकाशनाचा दिवस देशभर एकच ठेवतात (अमेरिकेत तो बहुधा मंगळवार असतो) आणि आगाऊ मागण्या कित्येक महिने जमवितात. कारण त्या सर्व पहिल्याच आठवड्याच्या विक्रीत धरल्या जातात. डॅन ब्राउन यांच्या आधीच्या तीन कादंबऱ्यांना बेताचाच प्रतिसाद मिळाला होता. तरीही ‘द दा व्हिंची कोड’च्या (२००३) सुमारे दहा हजार प्रती प्रकाशकाने विक्रेते व समीक्षक यांना प्रकाशनापूर्वीच वाटल्या. कादंबरी पहिल्याच आठवड्यात अग्रस्थानी पोहोचली आणि मागील तिन्ही कादंबऱ्याही तिच्यामागून याद्यांत आल्या. हाच मार्ग गैरप्रकारांनाही मोकळा असतो. घाऊक खरेदीचा संशय असलेल्या पुस्तकाच्या नावापुढे ‘टाइम्स’ कट्यारीची खूण छापते. २०१७ मध्ये ‘हँडबुक फॉर मॉर्टल्स’ ही जवळजवळ अपरिचित कादंबरी किशोरवयीनांच्या यादीत एकाएकी प्रथम क्रमांकावर आली. मोठ्या मागण्यांबद्दल शंका उपस्थित होताच ती यादीतून काढून टाकण्यात आली.

यादीत टिकण्याचे मुख्य साधन मात्र लेखकाचे नाव हेच होय. स्टीव्हन किंग यांच्या ‘कॅरी’ (१९७४) या पहिल्या कादंबरीचा पुठ्ठा-बांधणीतील खप सामान्य होता. पेपरबॅक आवृत्ती व १९७६ चा चित्रपट यांनी त्यांचे नाव घरोघरी नेले. वर्षाला एकाच लेखकाची एकाहून अधिक पुस्तके बाजार पचवीत नाही, अशी प्रकाशकांची तेव्हा समजूत होती; म्हणून किंग यांनी रिचर्ड बाकमन या टोपणनावाने वेगळ्या कादंबऱ्या काढल्या. त्यांपैकी ‘थिनर’ (१९८४) हिच्या सुमारे २८,००० प्रती खपल्या होत्या. खरा लेखक कोण हे १९८५ मध्ये उघड होताच खप दसपट झाला. जे. के. रोलिंग यांनी रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने लिहिलेली ‘द कुकूज कॉलिंग’ ही कादंबरी एप्रिल २०१३ मध्ये निघाली. अभिप्राय चांगले होते. तरी तीन महिन्यांत ब्रिटनमध्ये पुठ्ठा-बांधणीच्या जेमतेम दीड हजार प्रती गेल्या. जुलैमध्ये लेखिकेचे नाव फुटताच ती याद्यांच्या अग्रस्थानी आली. मजकुरात एका शब्दाचाही फरक झालेला नव्हता.

नावाला नियमिततेची जोड मिळाली की त्याचा दबदबा वाढतो. जॉन ग्रिशम यांच्या पहिल्या कादंबरीच्या (१९८९) केवळ पाच हजार प्रती छापल्या होत्या. त्यांतील एक हजार त्यांनीच विकत घेऊन गावोगाव खपविल्या. ‘द फर्म’च्या (१९९१) यशानंतर त्यांनी दरवर्षी एक कादंबरी देण्याचा परिपाठ ठेवला आणि १९९४ ते २००० या सातही वर्षांत ‘पब्लिशर्स वीकली’च्या वार्षिक यादीत प्रथम क्रमांक त्यांचाच राहिला. जाहिरात-व्यवसायातून आलेले जेम्स पॅटरसन सहलेखकांच्या साहाय्याने वर्षाला अनेक पुस्तके काढू लागले. वाङ्मयाच्या दृष्टीने हा कारखाना वाटला, तरी किंग यांच्या वेळची मर्यादा त्यामुळे मोडली गेली.

यादीत नाव आल्याने खप किती वाढतो, याचा अभ्यास ॲलन सोरेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रस्थापित लेखकांना त्याचा लाभ नगण्य, तर नवोदितांना सर्वाधिक होतो, असे त्यात आढळले. म्हणजे ज्यांना यादीचा खरा उपयोग, त्यांच्याच वाट्याला तीतील जागा कमी येतात. हॅरी पॉटर मालेने वरच्या जागा अडवून धरल्यावर ‘टाइम्स’ने २००० मध्ये बालवाङ्मयाची स्वतंत्र यादी सुरू केली, ती इतरांना वाव मिळावा म्हणूनच. २०११ मध्ये संगणकीय पुस्तकांचाही अंतर्भाव करण्यात आला. त्यानंतरचा लक्षणीय प्रकार म्हणजे जुन्या पुस्तकांचे पुनरागमन. कॉलीन हूव्हर यांची ‘इट एन्ड्स विथ अस’ ही २०१६ ची कादंबरी टिकटॉक या माध्यमावरील तरुण वाचकांच्या शिफारशींमुळे पुन्हा मागणीत आली आणि प्रकाशनानंतर सहा वर्षांनी, २०२२ मध्ये, अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी ठरली. या वेळी तिच्यामागे प्रकाशनदिनाची तयारी नव्हती आणि आगाऊ मागण्याही नव्हत्या.