राजधानी आपली, पण शहर कुणाचं? विल्नियसची गोष्ट

आज सुरुवात एका आकड्यापासून. १८९७ साली रशियन साम्राज्यात जनगणना झाली. विल्नियस, म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी, तेव्हा दीड लाख वस्तीचं शहर होतं. त्यात लिथुआनियन ही मातृभाषा सांगणारे किती? शंभरात दोन! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, छापताना शून्य राहिलं असेल. पण नाही, दोनच.

मग बाकीचे कोण? साधारण ४० टक्के यिडिश बोलणारे ज्यू, ३० टक्के पोलिश, २० टक्के रशियन. शहराची नावंही तशीच. ज्यूंचं विल्ने, पोलिश लोकांचं विल्नो, रशियनांचं विल्ना.

हे झालं कसं? लिथुआनियाचा राजा गेडिमिनास याने १३२३ मध्ये जर्मन शहरांना पत्रं पाठवली: व्यापारी, कारागीर हो, आमच्याकडे या. या शहराचा पहिला लेखी उल्लेख त्या पत्रांतला. म्हणजे सुरुवातच बाहेरच्यांना बोलावण्यातून! पुढे १५६९ मध्ये पोलंडशी संयुक्त राज्य झालं आणि सरदार घराण्यांनी हळूहळू पोलिश आपलीशी केली. लिथुआनियन उरली मुख्यतः खेड्यांत, शेतकऱ्यांच्या घरांत. १७९५ मध्ये रशियाने शहर घेतलं, तसे रशियन अधिकारी आले.

आता खरी गंमत, खरं तर दुखणं. १९१८ मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, तेही विल्नियसमध्येच. पोलंड म्हणे, आज इथे राहतं कोण ते बघा. लिथुआनिया म्हणे, शहर वसवलं कोणी ते बघा. १९२० मध्ये पोलिश जनरल झेलिगोव्स्कीने शहर ताब्यात घेतलं. लिथुआनियाचा कारभार काउनासमधून चालू झाला, पण काउनास कायम ‘तात्पुरती’ राजधानी. पुढची अठरा वर्षं दोन्ही देशांत राजनैतिक संबंधच नव्हते.

१९३९ च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने करार करून विल्नियस लिथुआनियाला दिलं. राजधानी मिळाली, पण रस्त्यावरची भाषा अजून पोलिश आणि यिडिशच होती.

ती बदलली कशी? प्रचाराने नाही, शाळांनी नाही. १९४१ मध्ये नाझी आले. शहराजवळच्या पानेर्याईच्या जंगलात सुमारे ७० हजार ज्यूंना गोळ्या घातल्या. गोळ्या घालणाऱ्यांत स्थानिक लिथुआनियनही होते. युद्धानंतर सोव्हिएत राजवटीने बहुतेक पोलिश रहिवाशांना पोलंडला पाठवलं. रिकाम्या घरांत खेड्यांतले लिथुआनियन आले, रशियन आले. १९८९ च्या जनगणनेत लिथुआनियन लोक शहरात जेमतेम निम्म्यावर पोचले. आज ते दोन तृतीयांश आहेत.

जे घरं शोधत आले, त्यांचा यात दोष नाही. पण ‘हे शहर पहिल्यापासून आमचंच’ असं कुठलाही देश म्हणाला, की मला ती रिकामी घरं आठवतात. नकाशावर राजधानी एका सहीने बदलते. शहराची भाषा बदलायला मात्र माणसं जावी लागतात, आणि ती कशी गेली हे विचारल्याशिवाय बहुमताचा आकडा वाचू नये, असं मला वाटतं.

तुमच्या शहराला किती भाषांत किती नावं आहेत? जरा आजीआजोबांना विचारा. भेटू पुढच्या भागात.