पात्याची पारख: दख्खनी पोलादी चाकू आणि वापरणाऱ्याचा अभिप्राय

प्रास्ताविक

शस्त्रांच्या इतिहासात तलवारीला जे स्थान मिळाले, ते चाकूला मिळालेले नाही. तलवारीबरोबर तिच्या धन्याचे नाव येते, लढाईचे साल येते. रानावनात, प्रवासात, शिकारीत कमरेला लावला जाणारा चाकू मात्र रोजच्या वापरातला असल्यामुळे नोंदीबाहेर राहिला. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'मध्ये शस्त्रांची किंमतवार यादी देताना कार्द आणि चाकू यांचाही समावेश केला आहे. मराठीतील 'चाकू' हा शब्द याच फारसी-तुर्की परंपरेतून आला. यादीत किंमत आहे. पण एक चाकू दुसऱ्यापेक्षा महाग का, त्याची घडण कोणी ठरवली आणि वापरून झाल्यावर त्यातील उणीव कारागिरापर्यंत कशी पोहोचली, याची उत्तरे तेथे नाहीत.

हाताने घडवलेल्या चाकूला दोन निर्माते असतात. एक लोखंड तापवून घडवणारा आणि दुसरा ते पाते वापरून त्याचे गुणदोष सांगणारा. दख्खनच्या पोलादाच्या संदर्भात या दोघांतील देवाणघेवाणीचे काही पुरावे उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा आढावा घेतला आहे.

कोनासमुद्रमचा परदेशी ग्राहक

आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे. मुशीत वितळवून तयार केलेल्या उच्च कार्बनयुक्त पोलादासाठी हे गाव आणि भोवतालचा प्रदेश शतकानुशतके प्रसिद्ध होता. हेच पोलाद पुढे युरोपात 'वूट्झ' या नावाने ओळखले गेले. त्यात कार्बनचे प्रमाण साधारणतः एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान असते. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावर्निए याने गोवळकोंड्याच्या पोलादाची दखल घेतली होती. इराण व पश्चिम आशियातील ज्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, म्हणजे 'जौहर' दिसे, त्यांच्यासाठी हे पोलाद जात असे.

त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील वैद्य व भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी याने 1820 च्या सुमारास कोनासमुद्रमची पाहणी केली. 1824 मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याचे वर्णन 1832 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आसपासच्या गावांतून आलेले दोन प्रकारचे लोखंड एकत्र करून मुशीत घालण्याची आणि तयार झालेली पोलादाची वडी पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा कमी करण्याची पद्धत त्यात आली आहे. या वर्णनातील एक व्यक्ती विशेष लक्ष वेधून घेते. ती म्हणजे इस्फहानहून आलेला हाजी हुसेन नावाचा व्यापारी. तो केवळ माल उचलून नेणारा खरेदीदार नव्हता. भट्टीजवळ थांबून तो लोखंडाचे प्रमाण स्वतः तोलून घेत होता आणि पोलादाचा चिवटपणा स्वतः पारखत होता. ही कृती इराणी लोकांना माहीत आहे. तिकडे तसे पोलाद करण्याचे प्रयत्न झाले, पण ते साधले नाही, असेही त्याने व्हॉयसीला सांगितले.

इस्फहानच्या बाजारात कोणते पाते टिकते आणि कोणते तुटते याचा अनुभव हा व्यापारी तेलंगणातील भट्टीपर्यंत आणत होता. त्याची पसंती आणि नापसंती ही कोनासमुद्रमच्या कारागिराला मिळणारी दूरदेशीच्या वापराची प्रत्यक्ष वार्ता होती. व्हॉयसीच्या वर्णनामुळे या व्यापाऱ्याचे नाव आज आपल्याला माहीत आहे. ज्यांच्या हातून ते पोलाद उतरले, त्या कारागिरांची नावे मात्र तशी प्रसिद्ध नाहीत.

लंडनची चाचणी

1794 मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट याने या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन याने त्यावर निबंध वाचला. त्यासाठी जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकू व शल्यहत्यारे बनवणाऱ्या कारागिराने पोलादाचा एक तुकडा मंद लालीवर घडवून छोटा चाकू तयार केला. घडवायला ते पोलाद कठीण आणि कष्टाचे आहे, पण त्याची धार बारीक, बळकट आणि टिकाऊ होते, म्हणून शल्यकर्माच्या हत्यारांना ते विशेष उपयोगी पडेल, असा अभिप्राय त्याने दिला. पुढे आपण हे पोलाद वापरतो, असे त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरात-पत्रकावरही छापले.

हा अभिप्राय तांत्रिक दृष्टीनेही अचूक होता. कार्बन जास्त असल्यामुळे हे पोलाद पांढरे होईपर्यंत तापवले, तर हातोड्याखाली त्याचा भुगा होतो. युरोपातील अनेक लोहार येथेच फसले. कमी उष्णतेवर, सावकाश, पुन्हापुन्हा तापवून घडवणे हीच त्याची रीत होती. ती भारत आणि इराणमधील कारागिरांना अनुभवाने अवगत होती.

1819 ते 1822 या काळात स्टोडार्टने मायकेल फॅरडेसह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. लोहाराचा मुलगा असलेला फॅरडे पुढे जगद्विख्यात शास्त्रज्ञ झाला. वूट्झच्या नकलेसाठी सुरू झालेले हे काम मिश्रधातूंच्या अभ्यासाचा आरंभ मानले जाते. येथे अभिप्रायाची दिशा बदललेली दिसते. इस्फहानच्या ग्राहकाचे मत भट्टीपर्यंत परत येत होते. लंडनचे निष्कर्ष लंडनमधील निबंधांत आणि कारखान्यांत राहिले. कोनासमुद्रमच्या कारागिराला त्यातून काही मिळाले नाही.

शिकारीचा चाकू: औरंगाबाद ते लंडन

एकोणिसाव्या शतकात लष्करी अधिकाऱ्यांच्या शिकारीमुळे चाकूला नवा ग्राहक मिळाला. त्याच्या अपेक्षा परस्परविरोधी होत्या. जखमी जनावर अंगावर आले, तर भोसकण्यासाठी पाते अरुंद, टोकदार आणि जाड पाठीचे हवे. कातडी सोलण्यासाठी तेच पाते रुंद आणि पोटाकडे गोलाई असलेले हवे. हात घामेजला वा रक्ताने ओला झाला, तरी मूठ निसटता कामा नये, आणि पात्याचा मुठीत शिरणारा भाग जोर पडल्यावर मोडता कामा नये. या साऱ्याचा मेळ कागदावर बसत नाही. तो वापरून, बिघडून आणि दुरुस्त होऊनच बसतो.

निजामाच्या राज्यातील औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे बोधराज नावाने ओळखले जाणारे शिकारी भाले व चाकू तयार होत. हैदराबाद कंटिंजंटच्या औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद या छावण्यांमुळे असा ग्राहक जवळच उपलब्ध होता. दक्षिणेत सेलमच्या अरुणाचलम या कारागिराचे चाकू असेच नावाजले होते. या दोघांनी आपली नावे पात्यावर उमटवली, त्यामुळेच ती आज संग्रहांतून वाचता येतात.

नागपूरच्या अनियमित फौजेचा अधिकारी हेन्री शेक्सपियर याने 1860 मध्ये भारतातील शिकारीवर पुस्तक लिहिले. लंडनच्या विल्किन्सन कंपनीने तयार केलेला शिकारी चाकू त्याच्या नावाने विकला गेला. अनुभव हिंदुस्थानच्या जंगलातला, चाकू मात्र लंडनचा, अशी ही स्थिती होती. त्यानंतर 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यारे बाळगण्यावर परवान्याचे बंधन आले. स्वस्त आयात पोलाद आणि कोळशासाठी लागणाऱ्या लाकडाची अडचण यांनी मुशीच्या पोलादाचा धंदा आधीच खिळखिळा केला होता. ग्राहक दुरावला आणि परंपरा खंडित झाली.

शिकलगार: मधला दुवा

या देवाणघेवाणीत एका घटकाचा उल्लेख क्वचितच होतो. 'सैकल' म्हणजे जिल्हई किंवा झळाळी. त्यावरून सैकलगर आणि मराठीत शिकलगार हा शब्द रूढ झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात हे आडनाव मुस्लिम समाजात आजही आढळते. बोथट, वाकलेले, खांडे पडलेले पाते प्रथम धार लावणाऱ्याच्या हाती येते. कोणत्या लोहाराचे पाणी नीट बसले नाही आणि कोणते पाते सहाणेवर टिकते, हे त्याला पाहताक्षणी कळते. खेड्यात फाळ किंवा कोयता शेवटायला आणणारा शेतकरीही हेच ज्ञान लोहाराला पुरवत असतो. हे ज्ञान लिहिले गेले नाही. म्हणून ते नव्हते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

समारोप

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील फ्लोरिडाचा चाकू-कारागीर आल्फ्रेड पेंड्रे आणि आयोवा राज्य विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन यांनी मिळून जौहरदार पाते पुन्हा घडवले. लोखंडातील व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचे अत्यल्प अंश आणि पुन्हापुन्हा तापवून घडवण्याची रीत यांमुळे ती नक्षी उमटते, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या शोधनिबंधांवर कारागिराचे नाव शास्त्रज्ञाच्या बरोबरीने छापले गेले. 2010 मध्ये भारतीय व ब्रिटिश संशोधकांनी तेलंगणातील जुन्या लोहभट्ट्यांच्या जागांची गावोगाव पाहणी केली. त्यामुळे भट्टीच्या बाजूचा पुरावाही अभ्यासात आला.

कारागिराला अशिक्षित मानण्याची सवय आपल्या पाठ्यपुस्तकांतून अजून पूर्णपणे गेलेली नाही. वर्गात फॅरडे शिकवला जातो. पण ज्या पोलादाची नक्कल त्याला करायची होती, त्याचे गाव शिकवले जात नाही. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांनी गावातील लोहाराला किंवा शिकलगाराला एवढेच विचारले, की गिऱ्हाईक कोणती तक्रार घेऊन परत येते आणि त्यानंतर घडणीत काय बदलले, तरी व्हॉयसीच्या टिपणात नसलेली दुसरी बाजू नोंदवली जाऊ शकेल. ते सांगू शकणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.