सूक

१२. सूक : बाजारासाठी अरबी शब्द. मोरोक्कोतील फेसचे जुने शहर १९८१पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे धंद्यागणिक गल्ल्या : सफ्फारीन चौकात तांबटांची ठोकठोक, तर चुवारात कातडी रंगवण्याचे उघडे हौद. माराकेशचे सूक जमा अल-फना मैदानाला येऊन मिळतात.

मिरजकराला धंद्यागणिक गल्ल्यांची ही रचना परकी वाटू नये.

मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे घडवत आले. त्यासाठी भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. — संपा.