पटेल, विक्रम
(१९६४– ). मुंबईत जन्मलेले भारतीय मनोविकारतज्ज्ञ व सार्वजनिक मानसिक आरोग्याचे संशोधक. गुणात्मक पद्धती, म्हणजे मोजमापाआधी मुलाखतींतून माणसांचे दुःख त्यांच्याच शब्दांत समजून घेण्याची रीत, त्यांच्या कार्याच्या मुळाशी असून, हरारे (झिंबाब्वे) येथे रुग्णांच्या बोलण्यावरूनच त्यांनी १४ प्रश्नांची शोना भाषेतील लक्षण-प्रश्नावली सिद्ध केली. १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. तिच्या ‘मानस’ चाचणीत (२०१०) वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या साहाय्याने नैराश्य व चिंताविकारांचे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण सरकारी आरोग्य केंद्रांत वाढले, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. अमरावती जिल्ह्यातील शेतकरी गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने स्थानिक समुपदेशकांकरवी उपचारांची हीच दिशा पुढे नेली.