चहामळ्यातले दात

पायरियाचा पेशंट आला की आम्ही दातांचे डॉक्टर आधी घासण्यावरून त्याची कानउघाडणी करतो. कोरेगावकडच्या एका आजींनी ती मुकाट ऐकून घेतली आणि मग विचारलं, "आमच्या थोरल्या जाऊबाई जन्मभर मिश्री लावतात, त्यांचे दात खणखणीत. मी ब्रश करते, तर माझे का हलतात?" प्रश्न बिनतोड होता. त्याच्या उत्तराची वाट श्रीलंकेतल्या चहामळ्यांतून जाते.

सुरुवात मात्र डेन्मार्कमधली. हॅराल्ड लो हा मूळचा नॉर्वेचा संशोधक तेव्हा ऑर्हूसच्या दंतमहाविद्यालयात होता. त्याने बारा निरोगी माणसांना, त्यातही बहुतेक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, दात घासणं सोडायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. ब्रश परत सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात बऱ्याही झाल्या. १९६५ साली हे छापून आलं आणि आमच्या धंद्याला एक सुटसुटीत सूत्र मिळालं: दातांवर जंतूंचा थर साचला की रोग, निघाला की आराम.

पण सुजलेल्या हिरडीखालचं हाड झिजून दात पडायला वर्षं जातात. ते पाहायला लोच्या गटाने १९७० मध्ये श्रीलंकेच्या चहामळ्यांतले ४८० तरुण मजूर निवडले. इंग्रजांच्या काळात तमिळ मुलखातून मळ्यांवर आलेल्या कुटुंबांतले हे लोक. ब्रश माहीत नाही, दातांचा डॉक्टर पाहिलेला नाही. सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण, दात मात्र क्वचितच किडलेले. १९८५ पर्यंत त्यांच्या हिरड्या मिलिमीटरमध्ये मोजल्या गेल्या. उपचार मिळत नाहीत, म्हणूनच ही माणसं अभ्यासाला सोयीची होती. हे वाचताना मला अजून अवघडायला होतं. मंजुरी देणाऱ्या समितीवर मी असतो तर सही केली नसती.

१९८६ साली निकाल आला. जुन्या सूत्राप्रमाणे सगळ्यांचेच दात सारखे पडायला हवे होते. प्रत्यक्षात ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, पंचेचाळिशीपर्यंत त्यांचं तोंड बोळकं झालं. ८१ टक्क्यांचं हळूहळू झिजलं. उरलेल्या ११ टक्क्यांच्या हिरड्या तेवढ्या सुजल्या. रोग त्यापुढे सरकलाच नाही. घाण सारखी, मळा तोच, आणि नशीब तीन तऱ्हांचं.

मग हाड खातं कोण? त्याचा एक धागा अमेरिकेत १९७२ मध्येच सापडला होता. हॉर्टन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दातांवरच्या थरातल्या द्रव्यांसोबत वाढवल्या. पेशींभोवतालचा द्रव उंदराच्या गर्भातल्या हाडावर घातला, तर हाडातलं कॅल्शियम सुटायला लागलं. जंतूंनी नुसतं डिवचलं होतं. हाड विरघळवायचा हुकूम आपल्याच पेशींचा होता. हा हुकूम देणारा रेणू वेगळा काढायला १९८५ उजाडलं. तो निघाला इंटरल्यूकिन-१ बीटा, म्हणजे ताप आणणारा, सूज पेटवणारा, साऱ्या शरीराला ओळखीचा निरोप्या. पुढे १९९०च्या दशकाअखेर रँकल नावाच्या आणखी एका रेणूचा शोध लागला. इंटरल्यूकिनचा निरोप मिळाला की हाड बांधणाऱ्या पेशी रँकल बनवतात, आणि त्याच्या इशाऱ्यावर हाड पोखरणाऱ्या पेशी तयार होतात. थर तिथेच राहिला तर निरोप थांबत नाहीत. कुणाचं शरीर हे निरोप आवरतं घेतं, कुणाचं ओरडतच राहतं. यात आनुवंशिकतेचा हात आहे, तसाच मधुमेहाचा आणि तंबाखूचाही.

म्हणून मिश्रीला माफी नाही. जाऊबाईंनाही मी ती सोडायलाच सांगेन. कीटणही काढतोच, कारण निरोप तिथूनच सुरू होतात. पण हल्ली केसपेपरवर घासण्याच्या आधी दोन प्रश्न असतात: साखर तपासली का, आणि आईवडिलांचे दात कितव्या वर्षी पडले?

लोच्या मजुरांपैकी ७५ जणांना २०१० मध्ये पुन्हा तपासलं गेलं. चाळीस वर्षांनंतर एवढेच हाती लागले होते.